झाकली मूठ: अमेरिकेच्या प्रायमरीत न उतरलेले उमेदवार

(हा आमच्या ताज्या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले शंभर 'म्हणजे' आणि शेजारच्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुचला.

जुलै २०२४ चा पहिला आठवडा. बायडेन आणि ट्रम्प यांची २७ जूनची ती डिबेट नुकतीच होऊन गेली होती. बायडेन अडखळत होते, सगळ्या जगानं पाहिलं. त्यानंतर रॉयटर्स आणि इप्सॉसनं एक जनमत चाचणी केली. बायडेन विरुद्ध ट्रम्प: दोघांनाही ४० टक्के. त्याच चाचणीत बायडेन यांच्या जागी मिशेल ओबामांचं नाव ठेवून विचारलं, तर मिशेलना ५० आणि ट्रम्पना ३९! काकांनी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "झालं की मग! हिला उभी करा."

माझी आतेबहीण अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावात राहते. तिथली नागरिक आहे, मतदार आहे. माझे काका म्हणजे तिचे मामा. तिनं उत्तर दिलं, "मामा, ती उभी राहणार नाहीये. तिनं किती वेळा सांगितलंय."

काकांचा पुढचा मेसेज: "पण लोकांना हवी आहे ना?"

हा प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही. आज आपण त्याच्याच मागे लागणार आहोत. रिंगणात न उतरलेल्या माणसाला लोक जेव्हा चाचणीत भरभरून पसंती देतात, तेव्हा ते नेमकं काय सांगत असतात?

आधी थोडं पार्श्वभूमीचं. आपल्याकडे पक्षाचं तिकीट कुणाला, हे पक्षाचे वरचे लोक ठरवतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात, एकेका राज्यात, जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. ह्या पक्षांतर्गत मतदानाला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत कॉकस नावाच्या सभा होतात. प्रत्येक राज्यातून डेलिगेट निवडले जातात आणि उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनात ते उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. पण ही शर्यत पहिल्या मतदानाच्या वर्षभर आधीच सुरू झालेली असते. काही जण गुडघ्याला बाशिंग बांधून तयार असतात, ते लगेच घोषणा करतात. आणि काही जण... तळ्यात की मळ्यात, कळूच देत नाहीत.

आता मी काही राजकारणाचा अभ्यासक नाही. मी बॅकएंड कोड लिहितो. पण 'लोकांना हवंय' या वाक्यानं माझे तीन महिने खाल्लेत. आमच्या अॅपमध्ये आम्ही युजर्सना विचारलं होतं, ऑफलाइन मोड हवा का? धो धो 'हो' आले. आम्ही रात्री जागून तो बनवला. वापरणारे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते लोक खोटं बोलले नव्हते. प्रश्नच असा होता की 'हो' म्हणायला काही लागत नव्हतं. अॅप त्यामुळे जड होईल, बॅटरी खाईल, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

पोलमधल्या न उतरलेल्या उमेदवाराचं असंच असतं. फोनवर यादी वाचून दाखवतात: हा, ही, तो, ती, यांपैकी कोण? यादीतल्या जाहीर उमेदवारांची उणीदुणी तोवर बाहेर आलेली असतात. कुणाची जुनी भाषणं सापडलेली, कुणाची करविषयक योजना लोकांना आवडलेली नाही. आणि मधेच एक नाव येतं ज्याच्यावर अजून एकही ओरखडा नाही. ते कुठल्याच वादग्रस्त प्रश्नावर बोललेलं नाही, म्हणून प्रत्येकाला ते आपल्याच बाजूचं वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.

ही मूठ उघडल्यावर काय होतं, ह्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण माझ्या मते फ्रेड थॉम्पसन.

थॉम्पसन टेनेसीचे माजी सिनेटर आणि खरेखुरे नट. 'लॉ अँड ऑर्डर' मालिकेत ते डिस्ट्रिक्ट अॅटर्नी आर्थर ब्रँचचं काम करायचे. उंच, भारदस्त, दमदार आवाज. २००८ च्या निवडणुकीसाठी रिपब्लिकन पक्षात जुलियानी, मॅकेन, रॉमनी मैदानात होते, पण कट्टर मतदारांना प्रत्येकात काहीतरी खटकत होतं. जुलियानी गर्भपाताच्या बाबतीत फार उदार, मॅकेन फार मनमानी, रॉमनी मॅसॅच्युसेट्सचे. मार्च २००७ मध्ये थॉम्पसन एका टीव्ही मुलाखतीत म्हणाले की आपण विचार करतोय. बास. घोषणा नाही, कार्यक्रम नाही, आणि उन्हाळाभर देशपातळीवरच्या चाचण्यांमध्ये ते जुलियानींच्या खालोखाल, एखाद्या चाचणीत तर त्यांच्याही वर!

५ सप्टेंबर २००७ ला त्यांनी एकदाची घोषणा केली. कुठे? जे लेनोच्या रात्रीच्या टीव्ही शोमध्ये. त्याच संध्याकाळी बाकीचे सगळे रिपब्लिकन उमेदवार न्यू हॅम्पशायरमध्ये डिबेट करत होते. तिथल्या मतदारांना हा प्रकार किती रुचला असेल, विचार करा.

पुढचं सगळं उतरणीचं. सभांमध्ये ते सुस्त वाटले, तपशील विचारले की चाचपडायचे. जानेवारीत आयोवामध्ये तिसरे, सुमारे १३ टक्के. न्यू हॅम्पशायरमध्ये एक टक्का. साउथ कॅरोलायनामध्येही तिसरे. २२ जानेवारी २००८ ला शर्यतीतून बाहेर. उन्हाळ्यात चाचणीत दिसलेली ती माणसं कुठे गेली? कुठेच गेली नाहीत, बहुतेक जण 'बाकीच्यांपैकी नको' एवढंच सांगत होते. त्यांच्या 'नको'ला थॉम्पसन यांचा चेहरा मिळाला होता, इतकंच.

त्याच काळात डेमोक्रॅटिक बाजूला अल गोर होते. फेब्रुवारीत त्यांच्या हवामानबदलावरच्या माहितीपटाला ऑस्कर, ऑक्टोबरमध्ये नोबेल शांतता पुरस्कार, आणि 'गोर, या ना' म्हणून सह्यांची मोहीम. ते शेवटपर्यंत आले नाहीत. पण त्यांच्यामुळे एक चांगली पद्धत दिसली: चाचण्या घेणारे दोन आकडे द्यायचे, एक गोरसह आणि एक गोरशिवाय. गोरना निवडणाऱ्याला दुसरी पसंती विचारायची आणि मत तिकडे टाकायचं. हा दुसरा आकडा मला नेहमीच जास्त बोलका वाटतो. नाव काढल्यावर लोक गुपचूप दुसऱ्याकडे जात असतील, तर ती ओढ वरवरची. 'मग कुणीच नको' म्हणत असतील, तर गोष्ट वेगळी.

आता एक मजेची गोष्ट. मूठ झाकलेली ठेवण्यात फक्त लोकप्रियता नसते, कायद्याचा फायदाही असतो. अमेरिकेत प्रक्षेपण वाहिन्यांना समान वेळेचा नियम लागू आहे. एका उमेदवाराला पडद्यावर वेळ दिलात, तर प्रतिस्पर्ध्यांनी मागितल्यास त्यांनाही द्यावा लागतो. थॉम्पसन उमेदवार होणार म्हटल्यावर एनबीसीनं 'लॉ अँड ऑर्डर'चे त्यांचे जुने भाग दाखवणं थांबवलं. म्हणजे घोषणेआधी ते घरोघरी दिसणारे कणखर सरकारी वकील होते, आणि घोषणेबरोबर ती फुकटची जाहिरात संपली!

पैशाचंही तसंच. प्रचारासाठी ५,००० डॉलरच्या वर पैसे उभे केले किंवा खर्चले की माणूस कायद्यानं उमेदवार होतो, नोंदणी आणि हिशेब सुरू. पण 'नुसता अंदाज घेतोय' असं असेल तर फिरता येतं, स्वतःची चाचणी करून घेता येते, आणि नोंदणी करावी लागत नाही. २०१५ मध्ये जेब बुश यांनी ह्याच सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. सुपर पॅक नावाच्या संस्था अमर्याद देणग्या घेऊ शकतात, पण उमेदवारानं त्यांच्याशी संगनमत करायचं नसतं. बुश तर उमेदवारच नव्हते! मग महिनोन्‌महिने त्यांनी आपल्याला पाठिंबा देणाऱ्या सुपर पॅकसाठी पैसे उभे करायला मदत केली. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत तिथे १० कोटी डॉलरहून जास्त जमले. १५ जूनला घोषणा. पुढच्या फेब्रुवारीत माघार. हाती डेलिगेट आले चार.

इथपर्यंत ऐकून वाटेल की हा सगळा गमतीचा मामला आहे. पण ह्या तळ्यात-मळ्यातची किंमत कुणीतरी मोजत असतं. त्यासाठी १९९१ मध्ये जाऊ.

मारिओ क्युओमो, न्यूयॉर्कचे गव्हर्नर. १९८४ च्या अधिवेशनातलं त्यांचं भाषण डेमोक्रॅट लोक अजून काढतात. १९९१ च्या शरद ऋतूत सगळ्या पक्षाचं लक्ष त्यांच्याकडे. ते 'हो' म्हणत नव्हते, 'नाही'ही म्हणत नव्हते. पत्रकारांनी त्यांना हडसनकाठचा हॅम्लेट म्हणायला सुरुवात केली होती. २० डिसेंबर हा न्यू हॅम्पशायरमध्ये अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची. ऑल्बनीच्या विमानतळावर त्यांना न्यायला भाड्याचं विमान उभं. वेळ चाललाय. आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास ते पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, राज्याच्या अर्थसंकल्पाचा तिढा सुटलेला नाही, मी लढत नाही. विमान रिकामंच राहिलं.

मला त्या विमानापेक्षा बाकीच्यांचा विचार जास्त येतो. पॉल साँगस एप्रिलपासून फिरत होते. बिल क्लिंटन यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला घोषणा केली होती. अशा वेळी देणगीदार म्हणतो, थांबा, क्युओमोंचं ठरू दे. चांगला प्रचारप्रमुख म्हणतो, बघतो, कळवतो. स्वयंसेवक होऊ शकणारं कॉलेजातलं पोरगं म्हणतं, मी त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवलाय. लग्न ठरवताना एक 'फार चांगलं' स्थळ अमेरिकेहून उत्तर कळवणार असतं, आणि तोवर गावातल्या तीन स्थळांना 'थोडं थांबा' सांगत राहायचं, तसलं हे. नंतर न्यू हॅम्पशायरमध्ये काही चाहत्यांनी क्युओमोंचं नाव हातानं लिहिण्याची मोहीम चालवली, त्याला चार टक्क्यांच्या आसपास मतं पडली. आणि ज्याच्याकडे लोक 'तोवर हा' म्हणून पाहत होते, तो अर्कान्ससारख्या छोट्या राज्याचा गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष झाला.

२०१५ मध्ये बायडेन यांच्या बाबतीत हेच पुन्हा झालं. मे महिन्यात त्यांचा मुलगा बो कर्करोगानं गेला होता. लढायचं की नाही, ह्यावर ते महिनोन्‌महिने विचार करत होते. ऑक्टोबरच्या डेमोक्रॅटिक डिबेटसाठी सीएनएननं त्यांच्यापुरतं एक जादा पोडियम तयार ठेवलं होतं, ते ऐनवेळी आले तर म्हणून. ते आले नाहीत. आठवड्याभरानं, २१ ऑक्टोबरला, व्हाइट हाउसच्या बागेत ओबामांच्या शेजारी उभं राहून त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

पण मग हेच बायडेन २०१९ मध्ये घोषणेआधी चाचण्यांत पुढे होते, एप्रिलमध्ये उतरले, आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, आणि तरी जिंकले. म्हणजे 'न उतरलेल्याचा आकडा फुगाच असतो' असा नियम करून टाकता येत नाही. बायडेन यांच्या आकड्याखाली खरी माणसं होती. साउथ कॅरोलायनामधले कृष्णवर्णीय मतदार त्यांना आठ वर्षं ओबामांचे उपाध्यक्ष म्हणून पाहत आले होते. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी त्यांची पाळी आली आणि त्यांनी चित्रच फिरवलं. ती मूठ झाकलेली नव्हतीच मुळी, लोकांना आत काय आहे ते चांगलं माहीत होतं.

मग खरी ओढ ओळखायची कशी? ह्याचं उत्तर मला पोलच्या जमान्याच्या सुरुवातीकडे सापडलं. माझी सगळ्यात आवडती गोष्ट आता.

१९५२. दुसऱ्या महायुद्धाचे नायक जनरल आयझेनहॉवर पॅरिसजवळ नाटोचे सरसेनापती होते. ते कुठल्या पक्षाचे, हेही लोकांना कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. १९४८ मध्ये दोन्ही पक्षांतले लोक त्यांच्या मागे लागले होते, तेव्हा त्यांनी नकार दिला होता. जानेवारी १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी परस्पर जाहीर केलं की आयझेनहॉवर यांचं नाव न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन प्रायमरीत घालतोय. जनरलसाहेब म्हणाले, मी रिपब्लिकन आहे हे खरं, पण मी स्वतःहून पद मागायला येणार नाही. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मध्यरात्री हजारो लोकांची सभा भरली. तिची फिल्म वैमानिक जॅकलिन कॉक्रन विमानानं पॅरिसला घेऊन गेल्या आणि जनरलना दाखवली. ती पाहताना त्यांचे डोळे भरून आले.

११ मार्चला ते न्यू हॅम्पशायरमध्ये पाऊलही न टाकता जिंकले. आणि आठवड्यानं मिनेसोटामध्ये त्याहून मोठं घडलं. तिथे मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापलेलंच नव्हतं. तरी एक लाखाहून जास्त लोकांनी थंडीत जाऊन ते हातानं लिहिलं. स्पेलिंगच्या नाना तऱ्हा! पहिले आले तिथलेच माजी गव्हर्नर हॅरल्ड स्टॅसन, पण गाजली ती हातानं लिहिलेली मतं. जनरलसाहेबांना म्हणावं लागलं की आता माझा निर्णय पुन्हा तपासायला हवा. जूनमध्ये ते परतले, नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

आमच्या ऑफलाइन मोडमध्ये आणि मिनेसोटात फरक हा. फोनवर 'हो' म्हणणं फुकट आहे. रांगेत उभं राहून एक अवघड जर्मन आडनाव पेनानं लिहिणं फुकट नाही.

पण थांबा, ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तेच लॉज, ज्यांनी आयझेनहॉवरना आणलं, १९६४ मध्ये ते स्वतः सायगावमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. बॉस्टनच्या मूठभर हौशी लोकांनी त्यांना न विचारता न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांची मोहीम उघडली. रिपब्लिकन मतदारांना टपालानं पत्रं पाठवली, सोबत सही करून परत पाठवायचं कार्ड. नाव कसं लिहायचं हे शिकवलं. १० मार्च १९६४ ला लॉज हातानं लिहिलेल्या मतांवर जिंकले: सुमारे ३६ टक्के. गोल्डवॉटर आणि रॉकफेलर तिथे महिनोन्‌महिने घरोघर हिंडत होते, त्यांना विशीच्या जरा वर. म्हणजे ही पेनाची परीक्षा लॉज पास झाले होते!

आणि तरी दोन महिन्यांत सगळं विरलं. ते सायगाव सोडायला तयार नव्हते. मे महिन्यात ओरेगनच्या प्रायमरीत रॉकफेलरनी एकच मुद्दा धरला: मला तुमची पर्वा आहे म्हणून मी इथवर आलोय, बाकीचे आलेत का? रॉकफेलर जिंकले, लॉज मागे पडले. शेवटी उमेदवारी गेली गोल्डवॉटर यांच्याकडे. लोकांनी हाक मारायची ती मारली, पण ज्याला मारली तो ओ द्यायला तयार नव्हता.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथे आहे. मिशेल ओबामांच्या त्या ५० टक्क्यांमध्ये बरीचशी आदराची आणि ओळखीची मतं होती, आणि एक मोठा भाग बायडेन-ट्रम्प या जोडीला वैतागलेल्यांचा. प्रायमऱ्या तोवर संपल्याही होत्या. 'लोकांना हवी आहे' हे खोटं नव्हतं. पण ती कुठल्याही प्रश्नावर काय करील, हे त्यांच्यापैकी कुणीच तिला विचारलं नव्हतं, आणि तिनं हाकेला ओ देणार नाही हे आधीच सांगितलं होतं. तो आकडा तिच्याबद्दल कमी आणि जे रिंगणात होते त्यांच्याबद्दल जास्त बोलत होता. डेमोक्रॅटिक पक्षानंही तो, माझ्या मते, तसाच वाचला. २१ जुलैला बायडेन बाजूला झाले.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी ताईला फोन केला. न्यू हॅम्पशायरमध्ये जे मतदार कुठल्याच पक्षात नोंदलेले नसतात, त्यांना सरकारी भाषेतच 'अनडिक्लेअर्ड' म्हणतात, जाहीर न केलेले! ताई त्यातली. अशा मतदाराला कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. जानेवारी २०२४ मध्ये गंमत अशी झाली होती की पक्षानं पहिली प्रायमरी साउथ कॅरोलायनाला दिली, न्यू हॅम्पशायरनं ते न मानता आपली आधीच घेतली, आणि त्यामुळे बायडेन यांनी तिथे अर्जच भरला नाही. विद्यमान राष्ट्राध्यक्षांचं नाव मतपत्रिकेवर नाही! तरी ते साठ टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकले, सगळी हातानं लिहिलेली. त्यातलं एक ताईचं.

मी विचारलं, "मग जुलैमध्ये वाईट वाटलं का?"

"वाईट नाही रे," ती म्हणाली. "जानेवारीत बर्फातून गाडी काढून गेले होते, पेन चालत नव्हतं म्हणून शेजारच्या बूथमधून दुसरं आणलं. जुलैमध्ये मामांनी सोफ्यावर बसून मिशेलला निवडून आणली. मला एवढंच वाटलं, मामांना एकदा त्या रांगेत उभं करायला हवं."

काकांना हा भाग पाठवलाय. निळी टिक आलीय, उत्तर अजून नाही.

तुमच्याकडे अशी न उतरलेल्या उमेदवाराची एखादी गोष्ट असेल, ग्रामपंचायतीची, सोसायटीच्या निवडणुकीची, कसलीही, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन ऐकवू. चला, भेटू.